मोहाखालची थोरली

माझ्या मायनं आजवर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. बाबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, सत्तरी ओलांडल्यावर, तिनं मागितली ती जंगलाची सफर.

तिचा फोन आला तेव्हा मी नवरीच्या ब्लाउजला हुक लावत होते. आदिलाबादला घरातल्याच पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं आणि लगनसराईत मी कुणाचा फोन घेत नाही, मायचाही नाही. पण तो तिसऱ्यांदा वाजला, म्हणून खांद्यानं कानाशी धरला.

"ते जीपीत बसवून दिवसभर जंगल दाखवतात म्हणे," माय म्हणाली. ती माझ्या भावाकडे राहते, जैनथजवळच्या आमच्या गावात. "पोरानं मले मोबाइलमंदी दाखवलं. तू घेऊन चाल मले."

"माय, तुले वाघ पाहाचा हाय का आता?" मी हसून विचारलं.

"वाघ कायले पाहू? थोरलीची जागा पाहाची हाय."

माझ्या हातातली सुई थांबली. घरात थोरली म्हणतात ती मलाच. माझ्या पाठीवर एक बहीण, एक भाऊ. पण माझ्याआधी एक होती, हे मला पंधराव्या वर्षी मावशीकडून कळलं होतं, तेही भांडी घासता घासता, आणि लगेच "मायले विचारू नोको" असं बजावून. मी विचारलं नाही. आज पन्नाशीला आल्यावर मायच्या तोंडून तिचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

मग तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर बाबा शेताची कामं आटोपली की बैलगाडी घेऊन जंगलात जात. सागवानाची तोड चालायची त्या कूपातून ओंडके गाडीवर लादून डेपोपर्यंत पोचवायचे, हे त्या काळी आमच्याकडचे बरेच गाडीवाले करत. ते जंगल जिल्ह्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे. त्या वर्षी माय बाळंतपणाहून आली ती सरळ तिथल्या झोपडीत, दीड महिन्याची पोर घेऊन. महिनाभर बरं चाललं. मग पोरीला ताप भरला. तीन दिवस. शेवटच्या दिवशी तिनं छातीला तोंडच लावलं नाही, आणि बैल जुंपून आदिलाबादला न्यायचं ठरेपर्यंत ती गेली.

आमच्यात बाया मातीला जात नाहीत. गडीमाणसं जातात, परत येतात, आंघोळ करतात. माय चुलीपाशी बसून राहिली, अंगावरचं दूध चोळीतून गळत होतं. बाबा उशिरा आले आणि तिला एकच वाक्य बोलले, "नाल्यापलीकडं ठेवली, मोहाखाली." एवढंच. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, आणि मायनंही काढला नाही. कारण गावातल्या म्हाताऱ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की गेलेल्या लेकराबद्दल बोललं तर पुढचं लेकरू टिकत नाही. मग मी झाले, बहीण झाली, भाऊ झाला, प्रत्येकाच्या जिवासाठी तिनं तोंड शिवून घेतलं. आम्ही सगळे मोठे झालो, आमची लेकरं मोठी झाली, आता भ्यायचं काही कारण उरलं नाही, आता विचारू, असं तिनं ठरवलं, तोवर बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. तरी तिनं विचारलं म्हणे. बाबांनी चांगला हात उचलला आणि खिडकीकडे दाखवला. खिडकीतून दिसतो तो शेजाऱ्यांचा गोठा.

"उपाशी गेली व ते," माय फोनवर म्हणाली. "एकडाव जागा पाहून येतो, बस."

मी तिला समजावलं. त्या वेळचं जंगल तोडलं, मग परत वाढलं. नाले किती, मोह किती! आणि आता तिथं पायी फिरू देत नाहीत, नदीपलीकडून वाघ येतात, गाडीतून उतरायचीसुद्धा मनाई आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी "पाहू" म्हणाली. मायच्या "पाहू"पुढे कुणाचं चालत नाही. मी चिडून मुलीला सांगितलं, कर बाई दोघींची नोंदणी, एकदाचं होऊन जाऊ दे.

चैत्र होता. पहाटे रिक्षानं फाट्यापर्यंत आणि तिथून त्यांच्या उघड्या जीपनं जंगलाच्या नाक्यावर पोचलो. आमच्यासोबत हैदराबादचं एक जोडपं होतं. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी आमच्या घरच्या पाण्याच्या पाइपाएवढी होती. गाडी चालवणारा तेलुगू बोलणारा, हसरा. आणि गाईड म्हणून आला तो एक गोंड माणूस, माझ्याच वयाचा असेल, खाकी सदरा, पायात साध्या चपला. तो जवळच्याच गुड्यावरचा होता. आमच्याकडे गोंडांच्या वस्तीला गुडा म्हणतात. त्यानं नियम सांगितले, एकदा हिंदीत, एकदा मराठीत. गाडीतून उतरायचं नाही. ओरडायचं नाही. काही टाकायचं नाही, काही तोडायचं नाही, काही न्यायचं नाही. दुपारी एका ठिकाणी थांबू, तिथं उतरता येईल. संध्याकाळी पाचला परत.

"मोहाची झाडं हायेत का जी?" मायनं लगेच विचारलं.

"हायेत ना माय. इथं मोह नाही तं काय असन?"

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. आदल्या रात्रीच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की लोकांपुढे हे काही बोलायचं नाही. खरं सांगते, मला लाज वाटत होती. थोरलीची नाही. सफरीला आलेल्या लोकांमध्ये आपली माय पन्नास वर्षांपूर्वीचं लेकरू शोधायला आली आहे, हे कुणाला कळलं तर ते कसल्या नजरेनं बघतील, त्याची.

जंगल मी पहिल्यांदाच असं आतून पाहत होते. जन्म जिल्ह्यात गेला, पण जंगल म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी हिरवी किनार. आत शिरलो आणि हवा एकदम थंड झाली. साग निष्पर्ण उभे होते, खाली वाळक्या पानांचा थर, त्यावरून ससा पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज. पळस फुलून ओसरला होता. आणि वास. गोड, जड, थोडा आंबूस, डोक्यात चढणारा. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता, लोण्याच्या रंगाची टपोरी फुलं. सकाळ होती तरी काही फुलं आदल्या दिवशीची, आंबायला लागलेली. नाक्याजवळच्या मोहाखाली गुड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. माय त्यांच्याकडे मान वळवून पाहत राहिली. कापूस वेचणाऱ्या बाईला कुणी काही वेचताना दिसलं की राहवत नाही, तिचे हात मांडीवर आपोआप हलतात.

पहिला नाला आला. कोरडा, नुसते गोटे. पलीकडे मोठा मोह.

"हा का?" माय माझ्या कानात.

"माय, मले काय माहीत?"

पुढे दुसरा नाला, पलीकडे दोन मोह. "हा का व?" तिसऱ्या नाल्यापलीकडे तर मोहांची रांगच होती. मायनं विचारलं नाही, नुसती एकेका झाडाकडे पाहत गेली. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं मोजते आहे. मग वाटलं, बोलते आहे.

हैदराबादच्या बाईंना वाघ हवा होता. त्या दर पाच मिनिटांनी "टायगर किधर मिलेगा भैया?" असं कुजबुजायच्या, आणि गाईड दर वेळी तितक्याच शांतपणे "देखेंगे मॅडम" म्हणायचा. एक वाघ शोधत होती, एक मोह. मी मधल्या सीटवर दोघींच्या मध्ये, आणि मला हवा होता चहा.

साडेआठच्या सुमाराला गाईडनं हात वर केला. गाडी थांबली. कुठंतरी वानर खाकरलं. मग पुढच्या वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, वाघ. आमच्या अंगणापासून पिंपळाच्या पारापर्यंत असेल एवढ्या अंतरावर. तो कुठं घाईत नव्हता. आमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, रस्ता ओलांडला आणि गेला. कॅमेरा टकटक टकटक वाजत होता. मी मायचा दंड धरला, "माय, पाह्यलं का? पाह्यलं का?"

माय दुसरीकडे तोंड करून बसली होती. त्या बाजूला नाल्यापलीकडे एक एकटा, वाकलेला मोह होता.

"काय पाह्यलं?" ती म्हणाली.

"वाघ व माय! वाघ गेला ना समोरून!"

"जाऊ दे बाप्पा. त्याचं जंगल हाय, तो जाईनच." आणि परत झाडाकडे बघायला लागली.

हैदराबादच्या बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आम्हाला बिस्किटांचा पुडा दिला. पुढचा तासभर त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच वाघ पुन्हापुन्हा बघत होत्या. मला मात्र राग यायला सुरुवात झाली होती. ऊन चढत होतं, धूळ तोंडात जात होती, जंगल संपत नव्हतं. टेकडी, उतार, नाला, परत टेकडी. मैलोन्‌मैल माणूस नाही, खांब नाही, मोबाइलला सिग्नल नाही. आणि प्रत्येक नाल्याला तो प्रश्न. आधी शब्दांत यायचा, मग नुसता नजरेनं. मला उत्तर देता येत नव्हतं. ज्याला येत होतं तो गेला. बाबांनी गावातल्या प्रत्येक बैलाची वंशावळ आम्हाला सांगितली, पण पोटच्या पोरीबद्दल चार शब्दांपुढे गेले नाहीत. माय रुसल्यासारखं त्यांच्याशी आयुष्यभर जेमतेम बोलायची, ते मी लहानपणापासून बघितलं होतं. ताट वेळेवर वाढायची, पाणी वेळेवर द्यायची, पण शेजारी बसली नाही. मला वाटायचं, असतात अशी माणसं.

अकरा वाजता एका रुंद नाल्यापाशी गाडी हळू झाली. नाल्यात थोडं पाणी होतं. पलीकडे उंचवट्यावर मोठा मोह, त्याच्या बुंध्याशी दोनचार दगड.

माय उभी राहिली. कुणाला काही कळायच्या आत तिनं साडीचा घोळ आवरला आणि एक पाय बाहेरच्या पायरीवर टाकला.

"अम्मा, दिगोद्दु! दिगोद्दु!" उतरू नका म्हणून गाडीवाला तेलुगूत ओरडला. त्यानं ब्रेक लावला, माय पुढच्या दांड्यावर आदळली. मी तिला दंडाला धरून मागं ओढलं, ओढलं म्हणजे अक्षरशः हिसडलं.

"बस खाली!" मी ओरडले. "काय पाहाचं हाय तुले तिथी? पन्नास वर्षांनी हाड तरी राह्यत असन का मातीत? सगळे दगड सारखेच, सगळे मोह सारखेच. कुठं कुठं उतरशीन?"

ती बसली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. हैदराबादच्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. गाईडनं वळून एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडीवाल्याला पुढे घे म्हणून खूण केली. त्याला सगळं मराठी कळत होतं.

मी तसं बोलायला नको होतं. जीभ सुटली की सुटते, हा माझा जुना दोष आहे, गिऱ्हाइकंसुद्धा सांगतील. पण ते गिऱ्हाइकाला बोलणं वेगळं. मी मायचा हात हातात घ्यायला गेले, तिनं तो हळूच सोडवून घेतला. रागानं नव्हे. तिला कपाळावरचा घाम पुसायचा होता.

दुपारी थांबायची जागा एका नाल्याकाठी होती. पत्र्याची सावली, पाण्याची टाकी, चारी बाजूंनी जाळी. तिथं उतरायची मुभा होती. सावलीच्या मागेही एक मोह होता, त्याच्या फांद्या जाळीवरून आत आलेल्या. हैदराबादची मंडळी टेबलाशी बसली. मी डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. मायनं नको म्हणून मान हलवली आणि त्या मोहाच्या सावलीत जाऊन, पडलेल्या फुलांवरच बसली. मला दुसऱ्यांदा हाक मारायचं धैर्य झालं नाही.

थोड्या वेळानं गाईड आपला डबा घेऊन आला आणि तिच्यापासून चार हातांवर मांडी घालून बसला. मीही जवळ गेले.

"माय, लेकरू होतं का तुमचं?" त्यानं विचारलं.

"हव," माय म्हणाली. "पोरगी. अडीच महिन्याची. आमी इथं कूपात गाडीवर होतो."

"कोण गेलं होतं ठेवायले?"

"तिचा बाप. आन् एक-दोन गाडीवाले. मले म्हणे, नाल्यापलीकडं ठेवली, मोहाखाली. आता तेवढ्यावर कुठी शोधू?"

गाईडनं हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग म्हणाला, "तुमच्यात अंगावरचं लेकरू कुठी ठेवतात?"

"वावराच्या कडेला. नाही तं नाल्याकाठी. वरतून काटे टाकतात."

"मोहाखाली नाही?"

"नाही बा. आमच्यात असं काही नाही."

"आमच्यात असते," तो म्हणाला. "पिणारं लेकरू गेलं तं आमी त्याले मोहाखालीच ठेवतो. दुसऱ्या झाडाखाली नाही. आमच्या म्हाताऱ्या सांगतात, मोह माय हाय. त्याले दूध असते. लेकराले उपाशी ठेवत नाही." त्यानं हात वर केला, जाळीवरून आलेल्या फांदीचं एक कोवळं, तांबूस पान तोडलं आणि देठ मायपुढे धरला. देठाच्या टोकाला पांढरा थेंब आला. दुधासारखा पांढरा, दाट. सकाळी काही तोडायचं नाही म्हणून बजावणारा हाच माणूस होता.

मायनं थेंबाला बोट लावलं. बोटावर घेऊन पाहत राहिली. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघणं मला जड गेलं.

"तुमच्या माणसाले हे कोणीतरी सांगितलं असन," गाईड म्हणाला. "तवा कूपाच्या आसपास आमचेच गुडे होते. पोरीचा बाप जाऊन विचारून आला असन. नाही तं तुमच्यातला माणूस मोहाखाली कायले नेईन?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, तरणे, कधी न बघितलेले. हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन एका गोंडाच्या दारात उभे. काय विचारलं असेल त्यांनी? ते तर आम्हाला कधी भूक लागली का म्हणूनसुद्धा विचारायचे नाहीत.

पण मायनं मान जोरात हलवली. "त्याले काय कळते! त्याले काही नव्हतं त्याचं. बाकीचे गाडीवाले दिवस असतानाच परत आले. हा आला दिवे लागल्यावर. पिऊन आला होता. पोटची पोर मातीत ठेवून मोहाची पिऊन आला. मले वास येत होता ना, कपड्याले, हाताले, साऱ्याले. मी तोंड फिरवून बसली. ते फिरवलं ते फिरवलंच."

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षं न विचारलेला, न सांगितलेला राग हा होता तर.

"कोणता महिना होता, माय?" गाईडनं विचारलं.

"हाच. चैतच होता."

त्यानं तिच्याभोवती पडलेल्या फुलांकडे पाहिलं. शब्द तोलून वापरणारा माणूस होता. मग म्हणाला, "माय, आपल्या पदराचा वास घेऊन पाहा."

तिला कळलं नाही. मलाही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदराचं टोक नाकाशी नेलं. मी खाली वाकले आणि तिच्या खांद्याशी नाक नेलं. तिच्या लुगड्याला, हातांना, केसांना, सगळ्याला मोहाचा वास येत होता. आंबूस, गोड, जड. पाव तास ती त्या फुलांवर बसली होती.

"चैतात मोहाखाली बसलं तं असाच वास येते," तो म्हणाला. "खड्डा खांदायले येळ लागते. लहान असला तरी. आन् मग माणूस लगेच उठत नाही."

त्यानं डबा झाकला आणि टाकीवर हात धुवायला गेला. आम्हा दोघींना तिथं सोडून.

माय रडली नाही. पदराचं टोक नाकाशी धरून बसली. मी तिच्या शेजारी फुलांवर बसले, माझीही साडी चिकट झाली. मी म्हणाले, "माय, मी मघाशी बोलली ते..." ती म्हणाली, "भाकर आण." मी डबा आणला. तिनं अख्खी भाकर खाल्ली, ठेच्यासकट, आणि हैदराबादच्या बाईंची बिस्किटंसुद्धा.

परतीचा रस्ता लांब होता, वेगळ्या बाजूनं. उन्हं कलली, सागाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या. एक अस्वल दूरवर मोहाखाली फुलं खाताना दिसलं. हैदराबादच्या बाईंनी मायला आपला कॅमेरा डोळ्याला लावून दिला, आणि मायनं अस्वल बघितलं, चांगलं दोन मिनिटं. "पोट भरून राह्यलं बिचारं," म्हणाली. नाले येत होते, जात होते. पलीकडे मोह उभे होते. माय कुठेच थांबव म्हणाली नाही, मला विचारलंही नाही. मीच एकदा न राहवून म्हणाले, "माय, पुढच्या वर्षी परत येऊ. पायी फिरायची परवानगी मिळते का, विचारतो मी."

"कायले?" ती म्हणाली. "सगळेच तं हायेत." आणि हातानं साऱ्या बाजूच्या झाडांकडे दाखवलं.

नाका जवळ आला. गाडीवाल्यानं वेग वाढवला, वाऱ्यानं मायचा पदर उडाला, तिनं तो धरला आणि परत एकदा नाकाशी नेला. तिचे डोळे बाहेर, झाडांवर होते. मग ती बोलली. माझ्याशी नव्हे. जणू बाबा शेतातून उशिरा आलेत आणि पायावर पाणी घालायला ती तांब्या घेऊन दारात उभी आहे, असा तो आवाज होता, आणि तो आवाज माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"काऊन सांगितलं नाही जी?"

पुढच्या सीटवरून गाईड वळला. त्याला वाटलं, आपल्यालाच विचारलं. मी हातानंच त्याला नाही म्हटलं.